गल्ल्याची किल्ली कोणाच्या हाती?

इंटरनेटवर दुकान थाटू इच्छिणाऱ्या छोट्या उत्पादकाला आज तयार सॉफ्टवेअर मिळते. मालाची छायाचित्रे चढवावी, किमती लिहाव्या, टपालखर्च नोंदवावा, की दुकान उभे. आणि त्याच पडद्यावर, बहुधा ठळक रंगात, एक बटण असते : पैसे स्वीकारण्यास प्रारंभ करा. ते दाबले, की दुकानाचे नाव, पत्ता व मालकाचा तपशील सॉफ्टवेअरकडून परस्पर पेमेंट कंपनीकडे जातो, अर्ज आपोआप भरला जातो आणि काही मिनिटांत विक्रेत्याच्या नावे खाते उघडते. व्यापारी वृत्तपत्रे या सोयीचे गोडवे गातात. सोय खरी आहे. ती नाकारण्यात काही हशील नाही. परंतु विक्रीची सारी रक्कम ज्या हातांतून वाहणार, तो हात विक्रेत्याने निवडला की त्याच्यासाठी आधीच निवडून ठेवला गेला, हा प्रश्न या सोयीच्या जयजयकारात बुडून गेला आहे.

पूर्वीची रीत निराळी होती. विक्रेता पेमेंट कंपनीकडे स्वतंत्रपणे जाई, कागदपत्रे देई, तेथून मिळालेली सांकेतिक अक्षरांची लांबलचक मालिका दुकानाच्या सॉफ्टवेअरमध्ये नक्कल करून चिकटवी. काम किचकट, एक अक्षर चुकले तरी व्यवहार अडे. पण त्या किचकटपणातच विक्रेता दोन-तीन कंपन्यांचे दर पाही, करारनाम्यावर निदान नजर टाकी. नव्या रीतीत सॉफ्टवेअर बनवणारा हा पेमेंट कंपनीचा ‘भागीदार’ असतो. विक्रेत्याने एकदा संमती दिली, की किल्ल्या दोन कंपन्या आपापसांत बदलतात. विक्रेत्याच्या खात्यातून ग्राहकाला परतावा देण्याचे किंवा प्रत्येक विक्रीतून स्वतःचे शुल्क कापून घेण्याचे अधिकारही सॉफ्टवेअर कंपनी त्याच संमतीतून मागून घेऊ शकते. काही प्रणालींत तर आरंभी केवळ ई-मेलचा पत्ता पुरतो. पे-पालसारख्या कंपनीकडे अशा पत्त्यावर आलेली रक्कम जमा दिसते, मात्र खाते रीतसर उघडले नाही तर ती ३० दिवसांनी ग्राहकाकडे परत जाते. माल तोवर रवाना झालेला असतो, हे सांगायला नको.

सॉफ्टवेअर कंपनीला हा खटाटोप का परवडतो? कारण तिचा खरा नफा दुकानाच्या भाड्यात उरलेला नाही. कॅनडाच्या शॉपिफायने २०१३ साली स्ट्राइप कंपनीच्या यंत्रणेवर स्वतःची पेमेंट सेवा सुरू केली. आज तिच्या उत्पन्नाचा निम्म्याहून बराच अधिक भाग मासिक वर्गणीतून येत नाही; तो विक्रेत्यांच्या पेमेंटसारख्या सेवांतून येतो. जो विक्रेता बाहेरची पेमेंट कंपनी निवडील, त्याच्याकडून शॉपिफाय जादा शुल्क घेते. सर्वसाधारण योजनेत ते विक्रीच्या २ टक्के असते. भारतात शॉपिफायची स्वतःची पेमेंट सेवा उपलब्धच नाही. जी वस्तू दुकानात नाही ती न घेतल्याबद्दलचा हा दंड भारतीय विक्रेता भरतो, आणि वर पेमेंट कंपनीचे शुल्क वेगळे! फुकट वाटल्या जाणाऱ्या वूकॉमर्समध्येही उभारणीच्या पहिल्या टप्प्यांतच घरची पेमेंट सेवा पुढे केली जाते. फुकट वस्तूचा खर्च अखेर कोण भागवतो, याचे उत्तर तेथेच मिळते.

या खेळाला इतिहास आहे. ईबे या लिलाव-बाजाराने २००२ मध्ये पे-पाल सुमारे दीड अब्ज डॉलरना विकत घेतली. २००८ साली ऑस्ट्रेलियात ईबेने जवळजवळ सर्व व्यवहार केवळ पे-पालमधूनच करण्याची सक्ती जाहीर केली. विक्रेते खवळले, तेथील स्पर्धा आयोगाने प्रतिकूल मत दिले आणि कंपनीला सक्ती मागे घ्यावी लागली. त्यातून भांडवलाने धडा घेतला तो असा, की उघड सक्तीपेक्षा मांडणी बरी. २०११ मध्ये ईबेने मॅजेंटो हे दुकान-सॉफ्टवेअरच संपूर्ण ताब्यात घेतले. बाजार, गल्ला आणि दुकानाचे लाकूडसामान एका मालकाच्या छत्राखाली आले. पुढे २०१५ मध्ये पे-पाल वेगळी झाली, २०१८ मध्ये मॅजेंटो अडोबीकडे गेले. पण दुकान उभारतानाच गल्ला जोडून द्यायचा ही पद्धत उरली, नव्हे सार्वत्रिक झाली. सक्तीचा हुकूम निघाला की त्याविरुद्ध सभा भरते. पडद्यावर कोणते बटण आधी ठेवले याविरुद्ध आजवर कोठे मोर्चा निघाल्याचे ऐकिवात नाही.

विकलेल्या मालाचे पैसे हाती पडेपर्यंत उत्पादनाचा पुढचा फेरा सुरू होत नाही, हे विणकराला वा चांभाराला कोणी शिकवावे लागत नाही. बड्या भांडवलाला आठवडाभराचा उशीर हिशेबाच्या वहीतील एक रकाना असतो. छोट्या उत्पादकाला तोच उशीर कच्च्या मालाच्या उधारीवरील व्याज बनून चावतो.

आपल्या देशात या क्षेत्रावर रिझर्व्ह बँकेची नजर आहे, आणि ती आवश्यकच आहे. १७ मार्च २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनी पेमेंट अॅग्रिगेटर कंपन्यांना परवाना सक्तीचा केला, विक्रेत्यांची रक्कम बँकेतील एस्क्रो खात्यात वेगळी ठेवायला लावली, विक्रेत्याची पूर्वपीठिका तपासण्याची जबाबदारी टाकली आणि बाजार चालवणाऱ्या ई-कॉमर्स कंपन्यांना पेमेंटचा धंदा अलग करण्यास ३० जून २०२१ पर्यंतची मुदत दिली. या तरतुदी स्वागतार्ह होत्या. पण त्यांतील दोन कलमे बारकाईने वाचण्यासारखी आहेत. माल पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी विक्रेत्याला पैसे मिळावेत असा एक नियम होता; त्याला लागूनच दुसरा, की करारात तसे लिहिले असल्यास परताव्याची मुदत संपेपर्यंत रक्कम रोखता येईल. करार कोण लिहितो, हे उघड आहे. दुसरे कलम एस्क्रो खात्यातील ‘गाभा’ रकमेचे. वर्षभरातील पंधरवड्यांच्या नीचांकी शिलकींच्या सरासरीइतका भाग वेगळा काढून त्यावर व्याज मिळवण्याची मुभा कंपनीला दिली गेली. ती रक्कम लाखो विक्रेत्यांच्या, एकेका दिवसासाठी थांबलेल्या पैशांतूनच साचते. व्याज मात्र कंपनीचे.

नियमनाचा आसूडही अनेकदा भलत्याच पाठीवर पडतो. डिसेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेझरपे आणि कॅशफ्री यांना नवे विक्रेते जोडण्यास मनाई केली; ती डिसेंबर २०२३ मध्ये उठली. वर्षभर सॉफ्टवेअरमधील ते सोयीचे बटण नव्या विक्रेत्यासाठी निकामी होते. त्याआधी पे-पालने १ एप्रिल २०२१ पासून भारतातील देशांतर्गत व्यवहार बंद केले, तेव्हाही ज्यांचा गल्ला तेथे जोडलेला होता त्यांना दुसरे दार शोधावे लागले. खाते ‘मर्यादित’ केल्यास रक्कम १८० दिवसांपर्यंत रोखण्याचा अधिकार पे-पालच्या करारात आहे. डिसेंबर २०१० मध्ये विकिलीक्सचे खाते तिने बंद केले, तेव्हा हा अधिकार राजकीयही असू शकतो हे जगाने पाहिले. शाहूनगरीच्या एखाद्या कारागिराचे खाते अडले, तर त्याच्यासाठी जगात कोठेही गवगवा होणार नाही.

यात कर्जाचा पदर आणखी गुंतलेला आहे. गल्ल्यावर बसणाऱ्याला रोजची विक्री ठाऊक असते. म्हणून पे-पालने २०१३ पासून आणि शॉपिफायने २०१६ पासून विक्रेत्यांना उचल देणे सुरू केले. वसुली रोजच्या विक्रीतून, हाती पैसा येण्याआधीच. भारतीय पेमेंट कंपन्याही याच वाटेने निघाल्या आहेत. भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागधारकाला हे नवे नाही. सूत देणारा आणि कापड उचलणारा व्यापारी एकच असला, की भाव कोण ठरवतो हे तेथील प्रत्येक घर जाणते.

याचा अर्थ रोख पैशाचा जुना काळ सुखाचा होता असा नव्हे. अडत्या आणि सावकार यांच्याविषयी हळहळण्याचे कारण नाही. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या नोंदींवरून हजारो छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या आणि बंगळूरच्या दुकानांवर ‘फक्त रोख’ अशा पाट्या झळकल्या. संताप समजण्यासारखा होता. राज्य सरकारला माघारही घ्यावी लागली. पण पाटी लावून यंत्रणा बदलत नाही. कोल्हापुरी चपलेच्या भौगोलिक मानांकनात २०१९ पासून महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे एकत्र आहेत. अथणीच्या कारागिराला गिऱ्हाईक सीमेपलीकडे, दिल्लीत वा परदेशात शोधायचे असेल, तर जाळ्यावरील दुकान त्याला टाळता येणार नाही. चळवळीतही काही जणांना हा ‘दुकानदारांचा प्रश्न’ वाटतो. घरातल्या घरात, बायकामुलांच्या श्रमावर माल बनवणाऱ्याला केवळ त्याच्या नावे खाते आहे म्हणून मालक समजणे ही आळशी विचारसरणी होय.

सार्वजनिक पर्याय अशक्य नाही. राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने २०१६ मध्ये यूपीआय उभी केली, आणि जानेवारी २०२० पासून तिच्यावर विक्रेत्याला शुल्क नाही. मात्र त्या सार्वजनिक रस्त्यावर वॉलमार्टच्या मालकीचे फोनपे आणि गूगल पे या दोघांचीच वाहने प्रामुख्याने धावतात. एका कंपनीचा वाटा ३० टक्क्यांवर जाऊ नये असा नियम २०२० मध्ये ठरला. त्याची अंमलबजावणी २०२४ अखेर पुन्हा २ वर्षे पुढे ढकलली गेली.

म्हणून विक्रेते, विणकर सहकारी संस्था आणि महिला बचत गट यांच्या संघटनांनी मागण्या नेमक्या शब्दांत मांडल्या पाहिजेत. दुकान-सॉफ्टवेअरने नोंदणीच्या वेळी परवानाधारक सर्व पेमेंट कंपन्या समान ठिकाणी, दर व पैसे मिळण्याची मुदत यांसह दाखवाव्यात. बाहेरची कंपनी निवडल्याबद्दल दंड नको. संमतीत कोणते अधिकार दिले जात आहेत ते मराठीसह भारतीय भाषांत लिहावे आणि ते केव्हाही काढून घेता यावेत. खाते अडवल्यास लेखी कारण, ठरावीक दिवसांत सुनावणी आणि वादाबाहेरची रक्कम ताबडतोब मोकळी. एस्क्रोवरील व्याज विक्रेत्यांच्या नावे. आणि सार्वजनिक बँकांनी स्वतःची विक्रेता-नोंदणी अशा सॉफ्टवेअरमध्ये जोडून द्यावी, म्हणजे सहकारी संस्थेच्या चिटणिसाला पहिले बटण दाबण्यापूर्वी दुसरेही दिसेल.