दादाची गाडी आणि चार बॅटऱ्या

२०२५ च्या दिवाळीत माझा आतेभाऊ पुण्याहून वडशाला आला. भाऊबीज आणि मंडई, दोन्ही एकाच फेरीत. आमच्या झाडीपट्टीत मंडई म्हटली की रात्रीचं नाटक आलंच! पण या वेळी नाटकाआधीच गर्दी जमली ती दादाच्या नव्या इलेक्ट्रिक गाडीभोवती. "आवाजच नाही येत बाप्पा इचा," शेजारच्या काकूंचा शेरा.

दादा खुशीत. जीएसटी फक्त ५ टक्के, मोटार वाहन कर माफ, नोंदणी फी माफ, समृद्धीवर टोलमाफी... त्याने बोटांवर मोजून दाखवलं. रात्री कूलरच्या प्लगपासून खिडकीतून वायर काढून गाडी चार्जिंगला लावली. दोन वाजता लाइट गेली. सकाळी बघतो तर गाडी अर्धीच भरलेली! दादा वैतागला, "तुमच्याकडे काही सोयच नाही रे!"

आता यावर काय बोलायचं? चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट. चंद्रपूर ते पडघे ही सुमारे साडेसातशे किलोमीटरची लाइन १९९९ पासून आमच्या भागातली वीज थेट मुंबईच्या वेशीवर नेऊन देते. राख आणि धूर तेवढा चंद्रपूरकरांना. दादाची गाडी पुण्यात धूर सोडत नाही हे खरंच आहे, आणि चांगलंही आहे. पण त्यातला थोडा धूर कुणाच्या छातीत जातो, ते त्याला कुणी सांगितलेलं नाही.

गैरसमज नको. माझं भांडण विजेच्या गाडीशी नाही, तिच्यासाठीच्या सवलती कुणाच्या खिशात जातात त्याच्याशी आहे.

दादाला सोडून मी स्टेशनकडे गेलो. बाहेर ई-रिक्षा उभ्या असतात. म्हणजे आमच्याकडे विजेवरची गाडी आधीच आलेली आहे, आणि तीही धोरणाची वाट न बघता! ओळखीच्या एका रिक्षावाल्याला विचारलं, कसं चाललंय? म्हणाला, "चालते भाऊ. पन चार बॅटऱ्या बदलाचं आलं का कंबर मोडते."

आता गंमत बघा. नव्या इलेक्ट्रिक गाडीवर २०१९ पासून जीएसटी ५ टक्के. पण बाजारातून सुटी लेड-ॲसिड बॅटरी घ्यायला गेलात, तर सप्टेंबर २०२५ पर्यंत २८ टक्के! आता तो १८ वर आलाय. म्हणजे घरी दुसरी गाडी आणणाऱ्याला ५, आणि पोटासाठी जुनी ई-रिक्षा चालू ठेवणाऱ्याला १८. पर्यावरण दोघांचं एकच ना?

केंद्राच्या फेम-२ योजनेत खासगी कारला थेट अनुदान नव्हतं, हे मान्य. पण राज्याच्या २०२१ च्या धोरणात पहिल्या १०,००० गाड्यांना दीड लाखापर्यंतची सवलत होती. चार्जिंग केंद्रांचं लक्ष्यही शहरांच्या नावाने ठरलेलं: मुंबई १५००, पुणे ५००, नागपूर १५०, अमरावती ३०. गडचिरोलीचं नाव शोधत बसू नका. मार्च २०२५ मध्ये ३० लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांवर ६ टक्के कर लावायचा प्रस्ताव आला आणि त्याच महिन्यात मागेही घेतला गेला. मग त्याच वर्षीच्या नव्या धोरणाने अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धीवर पूर्ण टोलमाफी दिली. या तीन रस्त्यांवरून कोण जातं हो? वडशाहून ब्रह्मपुरीला दवाखान्यात जाणारी बाई?

दादा म्हणतो, "अरे, मोबाइलसुद्धा आधी श्रीमंतांनीच घेतला होता. मग स्वस्त झाला." मुद्दा खोटा नाही. पण मोबाइल घेणाऱ्यांना सरकारने टोल माफ केला नव्हता. टॉवर उभे राहिले, म्हणून तो आपल्यापर्यंत पोचला. आमच्याकडे टॉवर म्हणजे रात्रभर टिकणारी वीज.

दुसरं म्हणजे एसटी. १ जून २०२२ ला पहिली 'शिवाई' पुणे-अहमदनगर मार्गावर धावली, तेव्हा मला खरंच आनंद झाला होता. मग ५,१५० इलेक्ट्रिक बस भाड्याने घ्यायचा करार झाला, आणि त्या काही ठरल्या वेळी आल्या नाहीत. एका एसटीत चाळीस-पन्नास माणसं बसतात, दादाच्या गाडीत बहुतेक वेळा एकटा दादा. सरकारी पैसा आधी कुठे जायला हवा, हे सांगायला तज्ज्ञ कशाला हवा?

माझं मागणं साधं आहे. कारवरची सूट कमी करा. सुट्या बॅटरीवरचा कर ५ टक्क्यांवर आणा. वडशासारख्या गावांच्या स्टँडवर विजेची बस आणा, आणि ती चार्ज होईल एवढी वीज आधी तिथे पोचवा. चार्जिंगची सोय झाली की त्याच तारेवर शाळा आणि धानाचा पंपही चालेल.

दादा दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी भरून निघाला. ब्रह्मपुरी, नागभीड, उमरेड, नागपूर आणि मग समृद्धी. जाताना आईला म्हणाला, "मामी, पुढच्या वेळी तुम्हीच या पुण्याला."

आई हसली. "येऊ ना बाबू. पण आम्हाला टोलमाफी नाही!"