चांदीचं की मुलाम्याचं?

मैत्रिणींनो, परवा आमच्या कळमनुरीतल्याच एक ओळखीच्या बाई जुन्या लुगड्यात काहीतरी गुंडाळून घेऊन आल्या. सासूबाईंच्या माघारी तिघी जावांत भांड्यांची वाटणी झाली. थोरलीला चांदीचं ताट-वाटी, मधलीला तांब्या आणि फुलपात्रं, आणि यांना ‘विलायती चांदीचा’ चहाचा सेट, सहा चमच्यांसकट. काट्यावर घालून वजनं अगदी सारखी केलेली. “बाई, सराफ म्हणतो याचे चांदीचे पैसे येणार नाहीत. खरं का हो?” विचारताना त्यांचा आवाज कापत होता.

मी चमचा उलटा केला. दांड्याच्या मागे इंग्रजीत ई.पी.एन.एस. अशी चार अक्षरं. म्हणजे निकेल सिल्व्हरवर विजेच्या साहाय्याने चढवलेला चांदीचा मुलामा. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन मंडळींनी १८४० मध्ये याचं पेटंट घेतलं. आतल्या धातूला आपण जर्मन सिल्व्हर म्हणतो, पण त्यात तांबं, जस्त आणि निकेल असतं. चांदी नावालाच! विलायतेतल्या अस्सल चांदीवर चालत्या सिंहाचा छाप असतो. मुलामा देणारेही चौकटीत छोटी छोटी अक्षरं ठोकून तसाच देखावा करतात, तेव्हा नुसते छाप पाहून भुलू नका.

अशी भांडी आपल्याकडे आली कुठून? जवळच हिंगोलीला हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. १९०३ मध्ये ते सैन्य हिंदुस्थानी लष्करात मिळवलं गेलं. साहेबलोकांच्या टेबलावर असलीच भांडी. पण या बाईंचा सेट तिथलाच, असं मी छातीठोक सांगणार नाही.

अक्षरं झिजली असतील तर काय? लोहचुंबकाने काही कळत नाही, कारण चांदीला तो चिकटत नाही तसा जर्मन सिल्व्हरलाही नाही. त्यापेक्षा स्वयंपाकघरातला इलेक्ट्रॉनिक काटा घ्या. आधी चमच्यांचं कोरडं वजन करा. मग काट्यावर पाण्याचं पातेलं ठेवून आकडा शून्यावर आणा आणि चमचे दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडतील असे अधांतरी धरा. बुडाला, कडेला टेकता कामा नयेत. काटा जो आकडा दाखवील त्याने कोरड्या वजनाला भागा. चांदी असेल तर उत्तर साडेदहाच्या आसपास, जर्मन सिल्व्हर असेल तर पावणेनऊच्या. बाईंचे सहा चमचे भरले २६० ग्रॅम. चांदीचे असते तर काटा २५ वर थांबला असता. थांबला ३० वर. बाई गप्पच झाल्या. (पोकळ मुठीच्या सुऱ्यांना हा हिशेब लागू नाही.)

मुलाम्याची चांदी केसाहूनही पातळ, म्हणून सराफ मोड घेत नाही. तो खोटं बोलत नव्हता. पण वस्तूला किंमत नाही असंही नाही. सेट पुरा आहे का, कारखान्याचं नाव वाचता येतं का, किटलीची तोटी पुन्हा जोडलेली तर नाही ना, कडांना पिवळट धातू उघडा पडलाय का, यावर ती ठरते. विकायचाच तर जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला दाखवावा. मुंबईच्या चोर बाजारातली मटण स्ट्रीट त्यासाठीच प्रसिद्ध आहे. तोवर राख, चिंच, दंतमंजन काही लावू नका, प्रत्येक घासण्याबरोबर मुलामा जातो. कोमट पाणी, साबण आणि मऊ फडकं पुरे. नवा मुलामा द्यायचीही घाई नको.

एक जपा. ई.पी.बी.एम. अशी अक्षरं दिसली तर आतला धातू मुख्यतः कथील. ती किटली गॅसवर ठेवलीत तर बूड वितळून जाईल.

राहता राहिली वाटणी. “मोठ्या जाऊबाईंना फसवायचं नव्हतं हो, त्यांनाही ती चांदीच वाटली,” असं बाईच म्हणाल्या. मलाही तसंच वाटतं. कागदावर अजून सह्या झालेल्या नाहीत. गुरुवारी तिघी पुन्हा बसणार आहेत. मला बोलावलंय, काटा आणि मोठ्या तोंडाचं पातेलं घेऊन.