सिएटल 'करून' आलेल्यांसाठी

मराठीत हल्ली प्रवासाचं क्रियापद 'करणे' हे झालंय. "गेल्या वर्षी केरळ केलं, यंदा युरोप करतोय." पूर्वी लोक चारधाम करायचे, पण त्यात निदान पुण्य मिळतं अशी समजूत होती. आता पुण्याच्या जागी फोटो आलेत. हे 'करणं' म्हणजे नक्की काय ते बघायचं असेल, तर अमेरिकेतल्या कुठल्याही मराठी इंजिनियराच्या घरी लाँग वीकेंडला मुक्कामाला जा. आमच्याकडेच या की!

गेल्या ऑक्टोबरात कॉलेजातला एक जुना मित्र, वहिनी, त्यांची दोन मुलं आणि मित्राच्या ऑफिसातला एक जण असे पाच जण टेक्सासहून आमच्याकडे बॉथेलला आले. (बॉथेल कुठे आलं ते सगळेच विचारतात. सिएटलपासून वीसएक मैलांवर, समॅमिश नदीकाठी. एकेकाळी लाकूडतोड्यांचं आणि आता आमच्यासारख्या कीबोर्ड बडवणाऱ्यांचं गाव.) विमानात बसायच्या आधीच मित्राने एक्सेल शीट पाठवली होती. नऊ वाजता केरी पार्क, सव्वादहाला स्पेस नीडल, बाराला पाईक प्लेस मार्केट, त्यात 'पहिलं स्टारबक्स', च्युइंगमची भिंत आणि मासे फेकणारे कोळी. शेवटच्या रकान्याचं नाव 'झालं'. तिथे टिकमार्क करायची.

आता, शीट करणं यात वाईट काही नाही. मी स्वतः किराणा सामानाचीसुद्धा शीट करतो. पण दिवसभर त्या शीटमागे धावताना माझ्या लक्षात आलं, की आम्ही शहर बघत नव्हतो. ते ठरलेल्या जागी आहे ना, एवढंच तपासत होतो. १९६२ च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेली ६०५ फुटांची स्पेस नीडल जागेवर आहे? आहे. टिक. भिंतीला लोकांनी च्युइंगम चिकटवलंय? चिकटवलंय. टिक.

मग स्टारबक्सची रांग. पाऊण तास उभे राहिलो. गंमत म्हणजे हे दुकान 'पहिलं' नाहीच. कंपनी १९७१ मध्ये सुरू झाली ती जवळच वेस्टर्न अ‍ॅव्हेन्यूवर, आणि सध्याच्या जागी दुकान आलं ते १९७६ मध्ये. मी हे सांगितल्यावर मित्र म्हणाला, "असू दे रे, फोटोत कुठे कळतंय?"

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. पण रांगेत वेळ घालवायला विषय लागतो, आणि आपल्या लोकांत तो फिरून फिरून ग्रीन कार्डावर येतो. मित्र अकरा वर्षं त्या रांगेत आहे. नोकरीवर आधारलेल्या ग्रीन कार्डांत एका देशात जन्मलेल्यांना साधारण ७ टक्क्यांहून जास्त वाटा मिळत नाही, त्यामुळे भारतीयांची रांग संपत नाही. त्याची चिडचिड मला समजते. पण मग ऑफिसातला तो गृहस्थ म्हणाला, "आपण शिकून, मेरिटवर आलो. कुणाच्या उपकाराने नाही. हे बाकीचे सगळे घुसलेत म्हणून आपली रांग अडली." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही काही बोललो नाही. वाद नको, पाहुणे आहेत, वगैरे. तेव्हा जे बोलायला हवं होतं ते आज लिहितोय.

आम्ही ज्या मार्केटात उभे होतो ते १७ ऑगस्ट १९०७ रोजी सुरू झालं. त्यानंतर बरोब्बर अठरा दिवसांनी, ४ सप्टेंबर १९०७ च्या रात्री, इथून नव्वदएक मैलांवरच्या बेलिंगहॅम गावात चारपाचशे गोऱ्या लोकांचा जमाव लाकडाच्या गिरण्यांत काम करणाऱ्या हिंदुस्थानी मजुरांवर चालून गेला. मजूर बहुतेक पंजाबी शीख, पण वर्तमानपत्रं सगळ्यांना सरसकट 'हिंदू'च म्हणायची. जमावाने त्यांना झोपड्यांतून ओढून काढलं, मारलं, त्यांच्या वस्तू लुटल्या. दोन-चार दिवसांत जवळजवळ सगळे गाव सोडून गेले. शिक्षा कुणालाच झाली नाही. दोन महिन्यांनी, नोव्हेंबरात, एव्हरेटमध्येही हिंदुस्थानी मजुरांना असंच हाकललं. एव्हरेट म्हणजे बॉथेलहून पंधराएक मैल. आमच्या शीटवर ते दुसऱ्या दिवशी होतं: 'एव्हरेट, बोईंगचा कारखाना, दोन तास.'

तेव्हाही तक्रार हीच होती बरं का, की हे लोक घुसलेत आणि आमचं अडवतायत. फक्त तेव्हा 'हे लोक' म्हणजे आपण होतो.

पुढचं तर कायद्यानेच झालं. १९१७ मध्ये अमेरिकेने हिंदुस्थानासकट आशियातल्या मोठ्या भागातून येणाऱ्यांना दार बंद केलं. भगतसिंग थिंड नावाचा शीख तरुण अमेरिकन सैन्यात होता. त्याला १९१८ मध्ये टॅकोमाजवळच्या कॅम्प लुईसला नागरिकत्व मिळालं आणि काही दिवसांतच काढून घेतलं. पुन्हा मिळालं, तर १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की हा माणूस 'गोरा' नाही, सबब नागरिक होऊ शकत नाही. आमच्या वॉशिंग्टन राज्याने १९२१ मध्ये कायदा केला होता, की असल्या नागरिक होऊ न शकणाऱ्यांनी जमीन घ्यायची नाही. तो १९६६ मध्ये रद्द झाला. म्हणजे ज्या घराच्या हप्त्यांवरून मी महिन्याच्या महिन्याला कण्हतो, तसं घर शंभर वर्षांपूर्वी मला घेताच आलं नसतं. डॉक्टरेट असो की नसो.

मेरिट तेव्हा नव्हतं का? होतं की! तळेगाव ढमढेरेचा विष्णू गणेश पिंगळे हा मुलगा १९११ मध्ये अमेरिकेत आला आणि इथेच, सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात, मेकॅनिकल इंजिनियरिंग शिकायला लागला. मराठी, पुणे जिल्ह्यातला, इंजिनियर. आपल्यापैकीच एक. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे याच राज्याच्या दुसऱ्या टोकाला, पुलमनला, शेतीशास्त्र शिकत होते. दोघंही या किनाऱ्यावर उभ्या राहिलेल्या गदर चळवळीत गेले. पिंगळे १९१४ मध्ये मायदेशी परतले, सैन्यात उठाव घडवायच्या खटपटीत मार्च १९१५ मध्ये मेरठच्या छावणीत बॉम्बसकट पकडले गेले. १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरला कर्तारसिंग सराभा आणि इतर पाच जणांबरोबर त्यांना फाशी झाली. वय वर्षं सत्तावीस. त्या वयात मी प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणावर अडकलो होतो.

मग हे दार उघडलं कुणी? १९४६ च्या कायद्याने भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क मिळाला, पण कोटा वर्षाला फक्त १००. खरं दार उघडलं ते १९६५ मध्ये, आणि तो कायदा झाला काळ्या लोकांच्या नागरी हक्क चळवळीने देश ढवळून काढला होता तेव्हा. मार त्यांनी खाल्ला, तुरुंगात ते गेले. आपण पदवीचं सर्टिफिकेट घेऊन आत आलो आणि आता सांगतोय, आम्ही मेरिटवर आलो! मेरिटने आपण दारापर्यंत पोचलो, हे खरं. पण दार आपण उघडलेलं नाही.

यावर लोक काय म्हणतात तेही मला माहीत आहे. एक, "ते पंजाबी होते, आपला काय संबंध?" त्या रात्रीच्या जमावाने आडनाव विचारलं नव्हतं. दोन, "वर्षाकाठी दोन सुट्ट्या मिळतात, त्यात रडगाणं कशाला?" हे मात्र मान्य. पोरांना घेऊन फिरायला आलेल्या माणसाने दिवसभर सुतक पाळावं असं मी म्हणत नाही. मासे फेकणारे मलाही आवडतात. पण त्याच मार्केटात युद्धाआधी कितीतरी गाळे जपानी वंशाच्या शेतकऱ्यांचे होते, आणि १९४२ मध्ये त्यांना छावण्यांत डांबल्यावर ते रिकामे पडले. त्यांच्या आठवणीची चित्रं प्रवेशापाशीच लावली आहेत. बघायला दोन मिनिटं लागतात, आणि रांगेत तर आम्ही पाऊण तास उभे होतो. तेव्हा वेळ नव्हता, हे काही खरं नाही.

आणि मी तरी कोण मोठा? पुण्याहून नगरला जाताना शिक्रापूरला किती वेळा चहा प्यायलो असेन. तळेगाव ढमढेरे तिथून हाकेच्या अंतरावर. पिंगळ्यांचं नाव मला माहीतच नव्हतं. ते कळलं इथे येऊन बरीच वर्षं झाल्यावर.

असो. परतताना मी हट्टाने गाडी विद्यापीठाकडे वळवली. "तिथे काय आहे? चेरी तर वसंतात फुलते," वहिनी म्हणाल्या. ते बरोबरच होतं. दाखवण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं. १९०९ च्या प्रदर्शनासाठी बांधलेलं कारंजं आहे, आणि आकाश स्वच्छ असलं की त्याच्या मागे माउंट रेनियर दिसतो. त्या दिवशी दिसला. एवढंच सांगितलं, की १९११ मध्ये एक मराठी पोरगा इथे शिकायला आला होता, त्यानेही बहुधा हेच पाहिलं असेल; आणि मग पुढची गोष्ट. पाच-सात मिनिटं. मुलांनी विचारलं, "फाशी म्हणजे खरीखुरी?" ऑफिसातला गृहस्थ काही बोलला नाही. त्याचं मतपरिवर्तन वगैरे झालं असं मला अजिबात वाटत नाही.

बॉथेलला पोचेपर्यंत अंधारायला आलं. इथल्या विद्यापीठाच्या आवारालगत पाणथळ जागा आहे. शरद ऋतूपासून रोज संध्याकाळी तिथे कावळे मुक्कामाला येतात, दहा हजारांहून जास्त. सगळं आभाळ काळं होतं. शीटवर हे नव्हतं, आणि पोरांना दिवसभरात सर्वांत जास्त आवडलं ते हेच. वहिनी म्हणाल्या, "पितृपक्षात आमच्याकडे एक कावळा मिळत नाही हो, आणि इथे बघा!" सगळे हसलो. जरा वेळाने मित्राने हळूच विचारलं, "अरे, ते पिंगळे... तळेगाव कुठलं म्हणालास? दाभाडे की ढमढेरे?"

"ढमढेरे," मी म्हणालो.

तर मंडळी, सिएटलला जरूर या. आमच्याकडे उतरा, सकाळी पोहे मिळतील, गाडीही मीच चालवीन. शीट पाठवलीत तरी चालेल. फक्त तिच्यात एक ओळ रिकामी सोडा, ती मी भरीन. आणि ती झाल्यावर टिकमार्क करू नका.