गृहव्यवस्था : न्हाणीघरांतील ऊनपाणी

नवें घर बांधतांना किंवा जुन्या वाड्याची दुरुस्ती काढतांना दिवाणखान्याच्या फरशीवर आठ-आठ दिवस खल होतो. परंतु आंघोळीचें पाणी कशावर तापवावयाचें, हा प्रश्न गवंडी नळाची चर बुजवावयास आला म्हणजेच कोणाला तरी आठवतो. मग बाजारांत जें यंत्र दिसेल तें आणून भिंतीला अडकविलें जातें. युरोपांतील गृहस्थाला खोल्या उबदार ठेवण्याची विवंचना असते. आपल्याकडील विवंचना बव्हंशीं न्हाणीघरांत एकवटलेली आहे. तिचाच आज थोडा हिशेब मांडूं.

घरांत आठ माणसें धरूं. प्रत्येकास २० लिटरची एक बादली, ४० अंश सेंटिग्रेड उष्णतेची, म्हणजे १६० लिटर पाणी झालें. थंडींत नळाचें पाणी २० अंशांचें धरलें तर हें काम करावयास ३,२०० किलोकॅलरी उष्णता पाहिजे. विजेचें एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. तेव्हां रोज पावणेचार युनिटें, आणि वाया जाणारी उष्णता धरली तर चार-सव्वाचार. महिन्याकांठीं हीं सुमारें सव्वाशें होतात. महाराष्ट्रांत घरगुती विजेचा दर वापराबरोबर टप्प्याटप्प्यानें चढतो, त्यामुळें यांतील बरींच युनिटें वरच्या दरानें पडतात.

विजेचा टाकीचा गीझर सर्वांच्या परिचयाचा आहे. २५ लिटरची टाकी व २,००० वॅटचा तापक असला तर पाणी ६० अंशांस यावयास सुमारें ३५ मिनिटें लागतात, आणि त्यांत गार पाणी मिसळून अडीच बादल्या होतात. दोघांच्या आंघोळी उरकल्या कीं तिसऱ्यानें ताटकळत राहावें! तिघांच्या संसाराला हें ठीक. एकत्र कुटुंबांत मात्र प्रथम आजोबा, मग शाळेचीं मुलें, मग कचेरीची घाई असलेली मंडळी, आणि अखेरीस जिनें सर्वांचे डबे भरले त्या सुनेच्या वांट्यास कोमट पाणी, असा क्रम लागतो. आज तीहि कचेरींत जाते. म्हणून दुकानदाराला टाकीचा रंग विचारण्यापूर्वीं शेवटच्या माणसाला किती ऊन पाणी मिळेल तें विचारावें.

यावर तोड म्हणून पुष्कळ घरांत गॅसचा गीझर येतो. थांबणें नाहीं, यंत्राची किंमतहि बेताची, आणि वरील हिशेबानें १४.२ किलोचें सिलिंडर साडेपांच आठवडे पुरावें. मोह पडण्यासारखेंच आहे. परंतु ज्योत हवा खाते. लहानशा न्हाणीघराचें दार लावलें, थंडी म्हणून खिडकीहि लोटली, म्हणजे गॅस अपुरा जळूं लागतो व कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु तयार होतो. रक्तांतील हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूपेक्षां दोनशें पटींहून अधिक घट्ट धरतें. या वायूला रंग नाहीं, वास नाहीं. गॅसला जो वास येतो तो गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेला असतो. जळल्यानंतर तो राहात नाहीं, म्हणून ‘वास आला तर कळेलच’ हा भरंवसा व्यर्थ आहे. डोकें दुखतें, मळमळतें, भोंवळ येते, आणि कडी काढण्याइतकें भान येण्यापूर्वींच मनुष्य खालीं बसतो. आमचें मत स्पष्ट आहे: हें यंत्र न्हाणीघरांत बसवूंच नये. तें उघड्या सज्जांत वा बाहेरच्या भिंतीवर, वारा खेळेल अशा जागीं असावें व केवळ ऊन पाण्याचा नळ आंत यावा. तशी सोय नसेल तर गॅसचा विचार सोडावा. आंतून हांकेला उत्तर न आल्यास गॅस बंद करून दार उघडावें, माणसाला मोकळ्या हवेंत आणावें व तत्काळ इस्पितळांत न्यावें. यासाठीं न्हाणीघराची कडी बाहेरूनहि उघडतां येईल अशी असावी.

स्वतःची गच्ची असेल त्यानें मात्र सूर्याचा विचार आधीं करावा. आठ माणसांस २०० लिटरचा सौर बंब पुरेसा होतो. त्याचें तोंड दक्षिणेकडे असावें, आणि शेजारच्या इमारतीची किंवा नारळाची सावली त्यावर पडूं नये. विहिरीचें अथवा कूपनलिकेचें जड पाणी असेल तर तांब्याच्या बारीक नळ्यांत क्षार बसून त्या कोंडतात. तेथें कांचेच्या निर्वात नळ्यांचा प्रकार बरा, मात्र त्या फुटतात. नळाकडे कोणी पाहात नाहीं, पण एक इंची नळ वीस मीटर लांब असला तर त्यांत सुमारें १० लिटर पाणी सांठतें. तेवढें गार पाणी सोडून दिल्याशिवाय ऊन पाणी येत नाहीं, म्हणजे रोज अर्धी बादली मोरींत. म्हणून न्हाणीघर टाकीच्या जवळ असावें व नळास उष्णतारोधक वेष्टन घालावें. पावसाळ्यांत सूर्य रुसला म्हणजे मोठी टाकी विजेनें तापविण्यापेक्षां न्हाणीघरांत एक लहान विजेचा गीझर वेगळा ठेवणें किफायतीचें. त्यास उत्तम अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरच्या गळतीस वीज तोडणारी कळ हवीच.

हवेंतील उष्णता खेंचून घेणारे ‘हीट पंप’ निघाले आहेत; एका युनिटांत ते सुमारें तीन युनिटांचें काम करतात. किंमत मात्र भारी, आणि त्यांना मोकळी जागा लागते.

माळ्यावरचा तांब्याचा बंब मोडींत घालूं नये. दिवाळीच्या पहाटे वीज गेली तर बटणें कांहीं कामाचीं नाहींत. तो अंगणांत, धूर बाहेर जाईल असा पेटवावा, आंत कधींहि नाहीं. आणि पाणी घातल्याविना निखारे टाकूं नयेत. नाहींतर झाळण वितळून बंब गळूं लागतो, व तो दुरुस्त करणारा तांबट आतां सहज सांपडत नाहीं.