दुखणाऱ्यांचे मंडळ का नसावे?

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा घरात चकलीची भाजणी मळून ठेवलेली असेल. तुम्ही बाहेर आरामात बसून ही पाने उलटीत असाल आणि आत कोणीतरी सोऱ्या पिळीत असेल. वाचकहो, एक कृपा करा. हा लेख पुरा होण्यापूर्वी एकदा आत डोकावून या, आणि जी पिळते आहे तिला विचारा, "हात दुखतोय का गं?" ती म्हणेल, "छे! काही नाही." या "काही नाही" इतके खोटे उत्तर मराठी घरात दुसरे नसेल. ते उत्तर द्यायला तिला आपणच शिकवले आहे, आणि त्याबद्दलच आज मला भांडायचे आहे.

भांडण प्रथम माझे माझ्याशी. मी मास्तर आहे. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. माझ्या एका कादंबरीत एक आत्याबाई आहेत. त्या सकाळी उठल्यापासून "अंग मोडून आलंय" म्हणतात, आणि त्या तसे म्हणाल्या की घरातली माणसे एकमेकांकडे पाहून हसतात. मी ते पात्र हशासाठीच रंगवले होते. वाचक हसले, तशी पत्रेही आली, आणि मला धन्यता वाटली. पुढे काही वर्षांनी आमच्याच घरात तेच शब्द ऐकू येऊ लागले. माझी पत्नी सकाळी उठे ती रात्रभर मुसळाने कांडल्यासारखी. झोप होऊनही शीण जात नसे. बोलता बोलता साधा शब्द आठवत नसे. गॅसवर दूध ठेवल्याचे विसरून जाई. मी काय म्हणालो असेन? "मनावर घेऊ नकोस. कामात लाग, म्हणजे बरं वाटेल." एक दिवस ती शांतपणे म्हणाली, "अहो, तुमच्या आत्याबाई झालेय मी आता." त्या दिवसापासून ते पुस्तक मी कोणाला भेट दिलेले नाही.

रक्त तपासले, फोटो काढले. सगळे स्वच्छ. "रिपोर्ट नॉर्मल आहेत" असे कळल्यावर घरातल्या सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. रडली ती एकटीच. कारण रिपोर्ट नॉर्मल याचा अर्थ ती खोटारडी, असा आपल्या समाजात सरळ हिशेब आहे. मळवलीहून पुण्याच्या लोकलने किती फेऱ्या झाल्या ते सांगत नाही. शेवटी एका संधिवाततज्ज्ञाने तिचे सगळे ऐकून घेतले आणि दुखण्याला नाव दिले: फायब्रोमायाल्जिया.

नाव जडजंबाल आहे, पण गोष्ट समजायला सोपी आहे. तीन महिन्यांहून अधिक काळ सर्वांगभर दुखणे, शीण, न विसावणारी झोप आणि बुद्धीवर धुके आल्यासारखे होणे, अशी ही व्याधी. सांधे झिजत नाहीत, सुजत नाहीत. १९०४ साली विल्यम गॉवर्स या इंग्रज वैद्याने याला तंतूंची सूज मानून नाव दिले. सूज काही सापडली नाही, म्हणून १९७६ च्या सुमारास नाव बदलले. आज शास्त्र असे मानते की बिघाड वेदना वाहून नेणाऱ्या आणि तोलणाऱ्या मज्जासंस्थेत आहे. मांडवातल्या कर्ण्याचा आवाज कोणीतरी वर करून ठेवावा आणि साधे बोलणेही कानठळ्या बसवू लागावे, तसे हे आहे. २००२ साली अमेरिकेत संशोधकांनी रुग्णांच्या अंगठ्याच्या नखावर दाब देत मेंदूची चित्रे घेतली. निरोगी माणसाच्या मेंदूत बऱ्याच जोराच्या दाबाने जी खळबळ उडते, ती या रुग्णांच्या मेंदूत हलक्या दाबाने उडालेली दिसली. त्याही आधी, १९७५ साली, कॅनडात निरोगी माणसांची गाढ झोप रात्रीमागून रात्री मोडून पाहिली. सकाळी त्यांचेही अंग दुखू लागले. तेव्हा "मनाचे खेळ" म्हणणाऱ्या शहाण्यांनी आता दुसरा शब्द शोधावा.

हे दुखणे विरळ नाही. जगभरच्या पाहण्यांत शंभर माणसांत दोन ते चार असे प्रमाण निघते. त्यांत बायका अधिक, पण पुरुष सुटलेले नाहीत. आपल्याच जिल्ह्याचे पाहा. १९९६ साली भिगवणला पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांचे सहकारी यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या पुरस्काराने घरोघर विचारपूस केली. चार हजारांवर प्रौढांना विचारले, तेव्हा शेकडा १८ जणांनी सांधे-स्नायूंचे दुखणे सांगितले. हातपाय वाकडे करणारा संधिवात त्यांत थोड्यांनाच होता. स्नायू-कंडरांच्या आणि धड नाव न देता येणाऱ्या दुखण्यांचा भरणा मोठा. ते सारे फायब्रोमायाल्जियाचे रुग्ण होते असे मी म्हणत नाही. अंग दुखते म्हणून कोणी स्वतःच हे नाव लावून घेऊ नये. थायरॉइड आहे, जीवनसत्त्वांची उणीव आहे, चिकुनगुन्यानंतर महिनोन्‌महिने रेंगाळणारी सांधेदुखी आहे. ते डॉक्टरांनी पाहावे. मला एवढेच सांगायचे आहे की कोणीतरी दारात जाऊन विचारले, तेव्हा गावाने सांगितले. न विचारता कोण सांगणार?

आता आक्षेपांकडे वळतो. कारण ते मी चावडीवर, शिक्षकांच्या खोलीत आणि नातेवाइकांच्या लग्नात पुरेपूर ऐकले आहेत.

पहिला आक्षेप: "आमच्या आज्या पहाटे उठून दोन पायल्या दळत, त्यांना नव्हतं असलं काही!" हे वाक्य बोलणारा बहुधा पुरुष असतो, आणि त्याने जात्याचा खुंटा कधी हाती धरलेला नसतो. आज्यांना दुखत नव्हते हे याला कोणी सांगितले? आज्यांनी आपले दुखणे जात्याला सांगितले. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी मुळशी-मावळापासून गावोगाव हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या चाळून पाहा. सासर, माहेर, विठ्ठल यांच्या जोडीला कष्ट आणि शरीराचा शीण त्यांत ठायी ठायी आहे. आणि एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. जात्यावर पुष्कळदा दोघी बसत. एकीने ओवी सुरू करावी, दुसरीने उचलावी. दळण जड होते, पण ऐकायला समोर कोणी होते. पुढे पिठाची गिरणी आली, बायकांचे कष्ट वाचले; फार चांगले झाले, त्याबद्दल मी गिरणीला दुवाच देतो. पण जात्याबरोबर ती समोरची बाईही गेली. दुखणे राहिले आणि सोबतीण हरवली! आजची गृहिणी मिक्सर-कुकरच्या घरघराटात एकटी उभी असते. आज्यांचे दाखले देणाऱ्यांनी आज्यांची सोबतही परत द्यावी. मग खुशाल दाखले द्यावेत.

दुसरा आक्षेप: "योगासनं करा, सगळं पळेल." आमच्या शेजारच्या स्टेशनावर, लोणावळ्याला, स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापन केले आणि योगाला प्रयोगशाळेची कसोटी लावली. त्या गावाजवळ राहून मी योगाला नावे ठेवीन कसा? युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या शिफारशींत या व्याधीवर ठाम शिफारस केली ती एकट्या व्यायामाचीच. औषधांची शिफारस त्या मानाने सौम्य. पण व्यायामालाही मात्रा असते. आमच्याकडे एका हितचिंतकांनी पहिल्याच दिवशी बारा सूर्यनमस्कार घालायला लावले. पुढचे तीन दिवस पत्नी अंथरुणात. पाच मिनिटे चालावे, आठवड्याने सहा करावीत, बरे वाटले तरी हावरेपणा करू नये आणि वाईट वाटले तरी पुरते थांबू नये, असे हे शास्त्र आहे. आळंदीहून पंढरपूर कोणी एका दिवसात गाठत नाही. वारीला मुक्काम असतात. आणि वारी एकट्याने होत नाही, दिंडी लागते.

तिसरा आक्षेप जरा जाणत्यांचा आहे: "दुखणारे एकत्र बसले की दुखणीच उगाळणार. एकीचं ऐकून दुसरीचं वाढणार." यात तथ्य आहे, आणि म्हणूनच मंडळ कसे असावे हे बोलणे भाग आहे. पुण्याने ही वाट आधी दाखवली आहे. व्यसनातून सुटलेल्यांनी सुटू पाहणाऱ्यांना हात द्यावा, हे १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगणात लोकांनी पाहिले. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात कंप सुटलेली माणसे एकत्र जमतात, सहली काढतात. अंगावर पांढरे डाग असलेल्यांसाठी डॉ. माया तुळपुळे यांची श्वेता असोसिएशन आहे. तिथे लोक रडायला जात नाहीत. समजावून सांगावे न लागता चार माणसांत बसायला जातात.

आमच्या गावात आम्ही असेच काही सुरू केले आहे. त्याला नाव नाही, अध्यक्ष नाही, पावतीपुस्तक नाही. गुरुवारी दुपारी तीन ते चार, आमच्या पडवीत, पाच बायका जमतात. आणि एक निवृत्त गँगमनदादा. "बायकांच्या दुखण्यात मी कुठं?" म्हणून ते पहिले दोन गुरुवार पायरीवर वर्तमानपत्र उघडून बसले, तिसऱ्या गुरुवारी आत सरकले. आयुष्यभर रूळ सांभाळलेला माणूस "मला रात्री झोप येत नाही" एवढे वाक्य बोलायला तीन आठवडे घेतो, यावरून आपण पुरुषांना काय शिकवले आहे तेही कळते.

आमचे नियम थोडे आहेत. प्रत्येकाने आठवड्याचा हिशेब तीन मिनिटांत सांगायचा. "माझं तुझ्याहून जास्त" म्हणायचे नाही. तेल, पट्टा, चूर्ण विकायचे नाही, आणि "अमक्याचं पंधरा दिवसांत गेलं" अशी कथाही सांगायची नाही. औषध ज्याच्या त्याच्या डॉक्टरांच्या विचाराने. मंडळात औषधोपचार नाही. मग सगळ्यांनी मिळून रस्त्याने चालायचे, सगळ्यांत सावकाश जो चालेल त्याच्या चालीने. भातलावणीच्या दिवसांत शेतावर जाणाऱ्या दोघींची वेळ बदलून देतो. पुण्याला दाखवायला जायचे तर एक सोबत जाते. विसरायला होते म्हणून डॉक्टरांना विचारायचे प्रश्न आधी वहीत लिहून घेतो.

गुण आला का? खरे सांगतो. दुखणे कोणाचेही गेलेले नाही. पण पत्नी पाच मिनिटांवरून पंचवीस मिनिटांवर आली आहे. आणि दुखेल त्या दिवशी "दुखतंय" म्हणते. दुसरी गोष्ट मला पहिलीहून मोठी वाटते.

तेव्हा माझी फिर्याद आहे ती तुमच्या-आमच्याविरुद्ध. आपल्याकडे गणपतीला मंडळ आहे, भजनाला मंडळ आहे, भिशी आहे, बचत गट आहेत, हळदीकुंकू आहे. एकत्र जमण्याची विद्या मराठी माणसाला कोणी शिकवायला नको. मग दुखणाऱ्यालाच तेवढे एकटे का ठेवता? १२ मे हा या व्याधीच्या जागृतीचा दिवस जगात पाळतात. तो फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा जन्मदिवस, जिने युद्धावरून परतल्यावर कित्येक वर्षे आजाराने खाटेवर काढली आणि तिथूनच मोठी कामे केली. पण कृपा करून त्या दिवशी शाल-श्रीफळाचा समारंभ करू नका. दोन तास खुर्चीवर ताठ बसून भाषणे ऐकणे हीच या रुग्णाला शिक्षा आहे! त्यापेक्षा ग्रामपंचायतीने आठवड्यातून एक तास एक खोली उघडून द्यावी. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी महिन्यातून एकदा अर्धा तास येऊन बसावे. गणेश मंडळाने उरलेल्या वर्गणीतून दोन बाकडी रस्त्याकडेला बसवावीत, म्हणजे चालणाऱ्याला टेकता येईल. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत ही व्याधी नाही. सरकारी दाखला मिळत नाही. निदान शेजाऱ्याने, नवऱ्याने, मुख्याध्यापकाने तरी दाखल्यावाचून विश्वास ठेवावा.

आणि भाऊबीजेला बहिणीकडे जाल, तेव्हा "कशी आहेस?" विचारून लगेच पाट शोधू नका. ती "बरी आहे" म्हणेल. थोडे थांबा, पुन्हा विचारा.

आमच्या घरी यंदा मी तो प्रश्न सोऱ्यापाशीच विचारला. "हो, दुखतोय," ती म्हणाली. मग सोऱ्या मी घेतला, आणि गँगमनदादांनी तळणाची बाजू सांभाळली. चकल्या वेड्यावाकड्या झाल्या आहेत, काही तर नुसतेच तुकडे. मळवलीला उतरलात तर फराळाला अवश्य या. गुरुवारी आलात तर तीननंतर या, आणि सावकाश चालायची तयारी ठेवा.