अस्ताद देबूंसाठी अख्खं शहर

चित्रकाराच्या आयुष्यभराच्या कामाचं प्रदर्शन भरवायला चार भिंती पुरतात. नाचणारा गेला की भिंतीवर टांगायचं काय? नर्तक अस्ताद देबू १० डिसेंबर २०२० ला मुंबईत गेले, ऐन कोरोनात. संगीत नाटक अकादमी पुरस्कार १९९५ ला, पद्मश्री २००७ ला. कागदोपत्री सगळं जागच्या जागी. पण कथक, कथकली आणि लंडनला शिकलेलं मार्था ग्रॅहमचं तंत्र एकाच अंगात मुरवणारा हा माणूस एका सभागृहात मावणारा नव्हे. हिंगोली जिल्ह्यातल्या शिरड शहापुरात बसून मुंबईला सल्ला देणं आगाऊपणाचंच, तरी सांगतो: त्यांच्यासाठी अख्खं शहर मोकळं करा. ज्यांच्यासोबत ते नाचले ते मणिपूरचे पुंग वादक चौपाटीवर आणा. गळ्यात ढोल, अंग हवेत गिरकी घेतंय आणि बोटांखालचा ताल तसूभर ढळत नाही! दिंडीत पखवाज गळ्यात अडकवून पावली खेळणारे बघितलेल्या आपल्या माणसांना ते वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. चेन्नईच्या ज्या कर्णबधिर मुलींना त्यांनी नाचवलं, त्यांनाही मानानं बोलवा. आणि एखादा प्रयोग हिंगोलीपर्यंत आलाच, तर फुकट पास नकोत. तिकीट काढून येऊ.