माफी खुन्याला, सजा साक्षीदाराला?

राष्ट्रप्रमुखाला माफीचा अधिकार असावा की नसावा, याबद्दल आमचा वाद नाही. न्यायालयाच्याही चुका होतात, म्हणून तो असलाच पाहिजे. आमचा सवाल वेगळा आहे. ज्यांनी जिवावर उदार होऊन साक्ष दिली त्यांच्या डोळ्यांदेखत खुन्याला मोकळे सोडायचे, याला दया म्हणायची काय?

जुलै २०१२ मध्ये अफगाणिस्तानातील कंदाहार प्रांतात अमेरिकन लेफ्टनंट क्लिंट लॉरेन्स याने मोटारसायकलवरून आलेल्या तिघांवर गोळीबार करण्याचा हुकूम दिला. दोघे जागीच गेले. ते निःशस्त्र होते. लॉरेन्सविरुद्ध साक्ष देणारे कुणी शत्रू नव्हते, त्याच्याच पलटणीतील जवान होते. २०१३ साली लष्करी न्यायालयाने त्याला खुनाबद्दल वीस वर्षांची सजा दिली, पुढे त्यातले एक वर्ष कमी झाले. १५ नोव्हेंबर २०१९ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्याला माफ केले. त्याच दिवशी मेजर मॅथ्यू गोल्स्टीन यालाही माफी मिळाली. त्याच्यावरचा खुनाचा खटला तर अजून चालायचाच होता!

युद्धात जवानावर ताण असतो, असे या माफीचे समर्थक सांगतात. आम्ही विचारतो, साक्ष देणारे जवान काय सहलीला गेले होते? तोच मुलूख, तोच धोका. तरीही खून तो खूनच, असे ते म्हणाले. माफीने त्यांनाच खोटे पाडले. उद्या दुसरा जवान तोंड उघडेल काय?

ही गोष्ट आम्हाला परकी नाही. अत्याचाराच्या खटल्यात साक्षीदार फुटला की काय होते, हे आमच्या वस्त्यांना कुणी शिकवायला नको. कायदा पुस्तकात राहतो, त्याला उभे करतो तो साक्षीदार.

बाबासाहेबांच्या संविधानात कलम ७२ आहे. लष्करी न्यायालयाची सजाही राष्ट्रपती माफ करू शकतात. पण हा अधिकार एका माणसाच्या मर्जीचा नाही, तो मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वापरायचा असतो. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने आंध्रच्या राज्यपालांनी एका राजकीय कार्यकर्त्याला दिलेली शिक्षामाफी रद्द केली. जात, धर्म, पक्षनिष्ठा ही माफीची कारणे होऊ शकत नाहीत, बळी पडलेल्यांच्या कुटुंबाचाही विचार झाला पाहिजे, असे न्यायालयाने बजावले. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाच्या माफीला असा लगाम जवळपास नाही.

पण लगाम कागदावर असून भागत नाही, तो ओढणारे हात लागतात. आपल्याकडेही वर्दीच्या आड झालेल्या खुनाला देशभक्तीचे गोंडस नाव देणारे कमी नाहीत. उद्या तसा माफीचा कागद निघाला, तर ज्यांच्या घरातला माणूस गेला त्यांना कुणी विचारले काय, हा पहिला सवाल आपणच केला पाहिजे. संविधानाची राखण ती हीच.